जिम्नीला लिफ्ट आणि मोठे टायर बसवल्यावर स्टेअरिंग थडथडतं: दोष कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने

लक्षण जवळपास प्रत्येक गाडीत सारखंच असतं. मारुती सुझुकीच्या जिम्नीला दोन इंची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या लांब स्प्रिंग, बसते, १९५/८० आर१५ चे मूळ टायर जाऊन जाड नक्षीचे ऑल-टेरेन येतात. शहरात सगळं ठीक चालतं. मग हायवेवर ७०-८० च्या वेगात पुलाचा सांधा किंवा उथळ खड्डा लागतो आणि स्टेअरिंग डावी-उजवीकडे थडाथडा हलायला लागतं. रस्ता पुढे गुळगुळीत असला तरी ते थांबत नाही, वेग बराच खाली आला की मगच शांत होतं. मालक बॅलन्सिंग दोनदा करून घेतो, अलाइनमेंट तीनदा, शेवटी कुणीतरी जाड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप) लावून देतो. महिनाभर बरं वाटतं आणि थरथर परत येते.

हे चालू गाडीत घडलं तर जोरात ब्रेक मारू नका. वजन पुढच्या चाकांवर येतं आणि थरथर वाढते. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पण न झुंजता धरा, गाडी सरळ ठेवून वेग उतरू द्या. दोष सापडेपर्यंत हायवे टाळा.

आधी गाडीची रचना लक्षात घ्या, कारण निम्म्या चुकीच्या दुरुस्त्या इथूनच सुरू होतात. २०२३ पासून भारतात मिळणारी पाच दारांची जिम्नी असो वा परदेशातली तीन दारांची, दोन्हींत लॅडर फ्रेम आहे आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक दांडा, आहे. पुढचा ॲक्सल दोन लांब आर्म पुढे-मागे धरतात आणि एक आडवा रॉड डावी-उजवीकडे. सुझुकी त्याला लॅटरल रॉड म्हणते, बाजारात पॅनहार्ड रॉड म्हणतात. क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांत पुढे प्रत्येक चाकाला वेगळा स्ट्रट असतो. त्या गाड्यांवर काम केलेला फिटर जिम्नीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सुधारायचा बोल्ट शोधत बसतो, आणि तसा बोल्ट तिथे नाहीच. जिम्नीच्या पुढच्या चाकांत जागेवर जुळवता येतं ते फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते. कॅस्टर (तो काय ते पुढे येतं) बदलायचा तर सुटा भाग बदलावा लागतो.

याच रचनेचा दुसरा परिणाम लिफ्ट घेण्याआधीच समजून घ्यायला हवा. स्प्रिंगची लिफ्ट फ्रेम आणि बॉडी वर नेते, ॲक्सल नाही. दगडाला लागतो तो ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा, आणि तो ५० मिमी लिफ्टनंतरही होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो टायर, तोही व्यासाच्या वाढीच्या निम्माच. १९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी. २१५/७५ आर१५ चा ७०३.५, म्हणजे डिफरन्शियल ५ मिमी वर. २३५/७५ आर१५ चा ७३३.५, म्हणजे २० मिमी वर. बाकी उंची मिळते ती बंपर, साईड सिल आणि पोटाखालच्या भागांना.

लिफ्टने थरथर कुठून आणली?

कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्या किंगपिनच्या रेषेचा मागे असलेला कल. सायकलचा पुढचा फोर्क मनात आणा. या कलामुळे चाक आपोआप सरळ येतं. जिम्नीत पुढचे आर्म ॲक्सलच्या मागे फ्रेमला अडकवलेले असतात. फ्रेम वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्मला घट्ट बांधलेला ॲक्सलही त्याबरोबर पुढच्या बाजूला फिरतो, आणि किंगपिनचा मागचा कल कमी होतो. किती, ते स्वतः काढता येतं: लिफ्टचे मिमी भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७. आर्म ७०० मिमी मोजला आणि लिफ्ट ५० मिमी असेल, तर उत्तर ४ अंश येतं. अशा गाडीत मुळातच कॅस्टर थोडा असतो, त्यातला बराचसा इथेच जातो.

पण फक्त कॅस्टर गेला म्हणून सांध्यावर थडथड सुरू होत नाही. कॅस्टर कमी झालेली गाडी सैल वाटते, वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही, रेषेत ठेवायला सतत छोट्या दुरुस्त्या कराव्या लागतात. थडथड सुरू व्हायला कुठेतरी ढिलेपणा किंवा असमतोल लागतो. सैल किंगपिन बेअरिंग, पॅनहार्डचं अंडाकृती झालेलं भोक, न बसलेला टायर, यांपैकी काहीतरी गाडीत आधीपासून असतं. पुरेसा कॅस्टर आणि हलके टायर त्याला झाकून ठेवत होते. लिफ्टने कॅस्टर घेतला, नव्या टायरने वजन वाढवलं आणि झाकण निघालं. म्हणून शोध टायर आणि ढिलेपणापासून सुरू करायचा. कॅस्टर नंतर, डॅम्पर सगळ्यात शेवटी.

आधी थरथर कोणती ते ठरवा

सगळी थरथर एका जातीची नसते. ७०-८० च्या वेगात टायर सेकंदाला साधारण १० फेऱ्या मारतो. प्रॉपेलर शाफ्ट (ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा) त्याच्या सुमारे चौपट, म्हणजे ४० च्या आसपास. हाताला मोजता येईल असे धक्के असतील तर दोष चाक, टायर किंवा स्टेअरिंगच्या साखळीत. बूड आणि फ्लोअरला बारीक गुणगुण जाणवत असेल तर संशय शाफ्टवर.

ठरावीक वेगाला येते, त्याच्या वर-खाली जाते आणि त्यासाठी खड्डा लागत नाही: बॅलन्सिंग किंवा टायरचा गोलाई-दोष. खड्ड्याने सुरू होते आणि मग स्वतःच चालू राहते: ढिलेपणा अधिक कॅस्टर. फक्त ब्रेक मारल्यावर येते: डिस्क. फक्त ४एच (चारही चाकांना ताकद) मध्ये येते आणि २एच ला (फक्त मागच्या चाकांना ताकद) गायब होते: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट. ही शेवटची खूण जिम्नीत फार उपयोगी आहे, कारण पुढचे हब व्हॅक्युमवर जोडले-सोडले जातात. २एच मध्ये हब सुटलेले असले की पुढचा शाफ्ट फिरत नाही. मात्र ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नका, ओल्या मातीच्या किंवा खडीच्या मोकळ्या रस्त्यावर करा.

टायरपासून सुरुवात

जुने चार टायर रिमसकट घरी असतील तर सर्वांत स्वस्त चाचणी हीच: पुढची दोन चाकं जुनी बसवा, मागे नवी राहू द्या, २एच मध्येच ठेवा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच सांध्यावरून, त्याच वेगाने गाडी न्या. थरथर गेली तर टायर-रिमकडे बघा. राहिली तर टायरवर आणखी पैसे घालवू नका. म्हणूनच जुने टायर दुकानात ‘एक्स्चेंज’मध्ये देण्याची घाई नको, निदान हजार किलोमीटर होईपर्यंत.

दोष टायरकडे निघाला तर बहुतेक वेळा तो टायरपेक्षा बॅलन्सिंगच्या पद्धतीत असतो. जिम्नीच्या रिमचं मधलं भोक १०८ मिमीचं, म्हणजे नेहमीच्या कारपेक्षा बरंच मोठं. अनेक दुकानांत मशीनवर चाक मध्यात धरणारा एवढा मोठा शंकू, म्हणजे कोन, नसतो. मग लहान कोन तिरका अडकवून चाक फिरवलं जातं. मशीन शून्य दाखवतं, पण ते चुकीच्या केंद्राभोवतीचं शून्य असतं. ओळखायचं कसं? शून्य आल्यावर चाक सोडवा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा अडकवा आणि मशीन चालवा. आकडा ५-१० ग्रॅमच्या आत राहिला तर ठीक. ३० ग्रॅम दाखवलं तर त्या मशीनवर ते चाक नीट बसतच नाहीये, दुसरं दुकान शोधा. मोठ्या पिकअपची चाकं करणाऱ्यांकडे बहुधा योग्य कोन मिळतो.

मशीनवर चाक फिरत असताना नक्षीच्या टोकाजवळ एक स्थिर खूण धरून बघा. टायर वर-खाली दीड मिमीपेक्षा जास्त होत असेल तर वजनं लावून ते सुटणार नाही. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा आणि परत बसवा. रिमचा उंचवटा आणि टायरचा उंचवटा एकमेकांसमोर आले की बऱ्याचदा फरक निम्म्याने कमी होतो. जाड नक्षीच्या टायरमध्ये कोकणातला लाल चिखल आत-बाहेर वाळून बसतो, त्याचंही वजन होतं. पावसाळी फेरीनंतर हायवेवर थरथर नव्याने आली असेल तर आधी रिमची आतली बाजू धुवा. हसण्यावारी नेऊ नका, हे कारण वारंवार निघतं.

आकाराबद्दल एक गोष्ट सरळ सांगायची. मूळ रिम १५ इंची, ५.५ इंच रुंदीचा. २१५/७५ आर१५ ला ५.५ ते ७ इंची रिम चालतो, त्यामुळे तो मूळ रिमवर नियमात बसतो. २३५/७५ आर१५ ला किमान ६ इंची रिम लागतो. तो ५.५ वर बसवता येतो, अनेक दुकानं बसवूनही देतात, पण साईडवॉल आत चेपली जाते, नक्षीचा मधला भाग फुगतो आणि टायर वळणात डुलतो. सैल स्टेअरिंगची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत हे जोडपं पुन्हा पुन्हा दिसतं. २३५ घ्यायचाच असेल तर रिमही बदला: ५ गुणिले १३९.७ पीसीडी (पाच नट, त्यांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिमी), मधलं भोक १०८ किंवा थोडं मोठं, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठाचं अंतर) मूळ ५ मिमीच्या जवळ. भोक मोठं असलेला रिम फक्त शंकूच्या नटांवर मध्यात येतो, म्हणून नट चाक हवेत असताना ताऱ्याच्या क्रमाने हाताने बसवा, मग गाडी टेकवून टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटरला आवळा. हवेच्या बंदुकीने पहिला नट कचकचून आवळला की चाक कायमचं एका बाजूला बसतं आणि मग बॅलन्सिंगला शिव्या पडतात.

हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे सुरू करा आणि खडूने तपासा. नक्षीवर आडवी जाड रेघ मारा, सपाट रस्त्यावर शंभर मीटर सरळ जा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. एलटी (हलक्या ट्रकचे) टायर असतील तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, थोडी जास्त हवा लागते. ३५-४० पीएसआय भरून फिरणाऱ्या जिम्नी दिसतात. रिकामी गाडी जेमतेम बाराशे किलोची, एवढ्या हवेत टायर चेंडूसारखा उड्या मारतो.

ढिलेपणा

टायर निर्दोष निघाले की ढिलेपणा शोधा. क्रम असा ठेवा, कारण पहिल्या दोन तपासण्यांना पैसे लागत नाहीत.

गाडी जमिनीवर, चाकं टेकलेली, इंजिन चालू. एकजण स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरा भरभर हलवत राहील. दुसरा खाली बसून पॅनहार्ड रॉडच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवेल, असं की बोट अर्धं रॉडवर आणि अर्धं ब्रॅकेटवर. रबर किंचित दबेल, ते ठीक. पण बोल्ट भोकात टकटक करत असेल किंवा ब्रॅकेटच हलत असेल तर दोष तिथे. लिफ्ट बसवताना हा बोल्ट काढलेला असतो, अनेकदा तो नुसत्या पान्याने अंदाजाने आवळलेला असतो. काही हजार किलोमीटर ढिला चालला की भोक अंडाकृती होतं, मग कितीही आवळा, फरक पडत नाही. भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडावं लागतं किंवा ब्रॅकेटला आतून-बाहेरून योग्य भोकाची पट्टी वेल्ड करावी लागते. याच वेळी टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंकचे (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट, स्टेअरिंग बॉक्सचे फ्रेमवरचे बोल्टही बोटानेच तपासून घ्या.

मग ॲक्सल हाउसिंगखाली जॅक लावून एक चाक उचला, फ्रेमखाली घोडा (आधाराचा स्टँड) लावा. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग. जुन्या-नव्या सगळ्या जिम्नीत नकलच्या (ॲक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागाच्या) वर-खाली ही टेपर बेअरिंग असतात, आणि थरथरीचा सगळ्यात जुना गुन्हेगार तीच. बेअरिंगवर नेमका दाब असला तर चाक वळायला किंचित अडतं, आणि तीच अडवणूक थरथरीला दाबून ठेवते. पाणी-चिखलातून फिरलेल्या गाडीत नकलचं सील गेलं की ग्रीस धुतलं जातं, बेअरिंगवर खाचा पडतात, दाब संपतो. हाताला ढिलं न लागताही दाब गेलेला असू शकतो. त्यासाठी टाय रॉड सोडून नकल स्प्रिंग काट्याने ओढायचा आणि वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. बेअरिंग वर-खाली जोडीने आणि सीलसकट बदला. एकच बदलून पैसे वाचत नाहीत, मजुरी दोनदा पडते.

चाक ३ आणि ९ वर धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर टाय रॉडचं टोक किंवा स्टेअरिंग बॉक्स. बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून ‘टाइट’ करून देणारे भेटतील, त्यांना थांबवा. मध्यात घट्ट झालेला बॉक्स वळणानंतर परत येत नाही, आणि आधीच कॅस्टर गेलेल्या गाडीत ते धोक्याचं आहे.

कॅस्टर परत आणणं

ढिलेपणा संपल्यावर कॅस्टर मोजा. लिफ्टच्या आधीचा अलाइनमेंटचा कागद असेल तर तो सोन्यासारखा जपा, कारण लक्ष्य तोच आकडा आहे. ज्यांची लिफ्ट अजून बसायची आहे त्यांनी हा कागद आधीच काढून ठेवावा. दोन बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. अखंड ॲक्सलमध्ये असा फरक बहुधा एकच बुश (सांध्यातला रबरी तुकडा) उलटा बसल्यामुळे येतो.

सुधारण्याचे रस्ते तीन. आर्मच्या ॲक्सलकडच्या बुशांऐवजी मध्य सरकवलेले ऑफसेट बुश, वाकवलेले नवे आर्म, किंवा आर्मचं फ्रेमकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट. ४०-५० मिमी लिफ्टला ऑफसेट बुश पुरतात आणि खाली काही लोंबत नाही. ब्रॅकेट खालून दगडाला लागतात, म्हणून फिरस्त्यांच्या गाडीला ते नकोतच. ५० मिमीच्या वर गेलात तर नवे आर्म.

बुश बसवताना होणारी चूक एकच आणि ठरलेली: उलटा बसवणं. बुशवर बाण किंवा खाच असते, तरीही प्रेसवर घाईत ती फिरते. मग कॅस्टर वाढायच्या ऐवजी आणखी कमी होतो आणि मालक म्हणतो, बुश टाकल्यावर गाडी बिघडली. पडताळणी सोपी आहे. काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या डिफरन्शियलच्या पिनियन फ्लँजवर (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या तोंडावर) डिजिटल अँगल गेज लावून आकडा लिहा. काम झाल्यावर परत बघा. बुश बरोबर बसले तर पिनियनचं तोंड थोडं खाली झुकलेलं दिसेल. वर गेलं असेल तर बुश उलटे आहेत, गाडी बाहेर काढू नका.

पिनियन खाली झुकणं ही या दुरुस्तीची किंमत आहे. पुढच्या शाफ्टच्या क्रॉस जॉइंटवरचा कोन वाढतो. म्हणून जितका कॅस्टर गेला तितकाच परत आणा, वरती ‘अजून थोडा’ नको. बुशांनंतर ४एच मध्ये वेगात गुणगुण येऊ लागली तर कारण हेच असतं.

आता बोल्ट आवळायचा नियम, जो मोडल्यामुळे नवे बुश सहा महिन्यांत फाटतात. रबराचा बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी गॅरेजच्या हॉइस्टवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट आवळले तर बुश त्या लोंबलेल्या स्थितीत पक्का होतो आणि गाडी खाली टेकल्यावर कायम पिळलेला राहतो. गाडी उंच वाटते, एका बाजूला झुकते, आणि रबर लवकर चिरतं. सगळे बोल्ट नुसते हाताने लावून सैल ठेवा, चाकं लावून गाडी जमिनीवर आणा, पुढे-मागे पाच-सात मीटर ढकला, बंपरवर दाबून उसळू द्या, आणि मग आवळा. आधीच चुकून आवळले असतील तर जमिनीवर आणून सैल करा आणि परत आवळा. ‘लिफ्टनंतर गाडी एका बाजूला झुकते’ या तक्रारीचा निकाल अनेकदा इथेच लागतो.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने बघा. डॅम्पर बदलायचा असेल तर तो आता. आधी बदललात तर तो रोग दाबून ठेवतो, आणि ढिला बोल्ट आत भोक खात राहतो.

स्टेअरिंग वाकडं आणि ईएसपीचा दिवा

लिफ्टनंतर पॅनहार्ड रॉडचा उतार वाढतो, त्यामुळे त्याची आडवी लांबी कमी होते आणि ॲक्सल फ्रेमकडच्या टोकाच्या दिशेने सरकतो. ८०० मिमीचा रॉड आधी ६० मिमी उतारावर असेल आणि ५० मिमी लिफ्टने ११० झाला, तर सरकणं सुमारे ५ मिमी. चाकाच्या कमानीवरून ओळंबा सोडून दोन्ही बाजूंना टायरपर्यंतचं अंतर मोजा. फरकाचं निम्मं म्हणजे ॲक्सल किती सरकला ते. ३-४ मिमीपर्यंत सोडून दिलं तरी चालतं, त्यापुढे लांबी बदलता येणारा रॉड घ्या. मागचा ॲक्सलही वेगळा मोजा.

ड्रॅग लिंकही असाच तिरका होतो आणि स्टेअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं. इथे अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवून ते सरळ करू लागला तर टो बिघडेल. टो टाय रॉडवर, स्टेअरिंगचं मध्य ड्रॅग लिंकच्या बाहीवर. हे अंगवळणी पडलेलं दुकान कमी सापडतं. आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) स्टेअरिंगचा कोन सेन्सर सांगतो. स्टेअरिंग दहा अंश वाकडं असेल तर गाडी सरळ जात असताना संगणकाला वाटतं चालक वळतोय आणि गाडी वळत नाहीये. मग दिवा लागतो, किंवा वळणात एखादं चाक उगाच ब्रेक खातं. क्रम पाळा: आधी पॅनहार्ड, मग टो, मग ड्रॅग लिंक, शेवटी स्कॅन टूलवर सेन्सरचं शून्य. स्प्रिंग पहिल्या हजार किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून त्यानंतर एकदा परत तपासून घ्या.

घासणं

टायर घासतोय म्हणून लिफ्ट वाढवणं, ही दुसरी ठरलेली चूक. पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला आर्मला घासत असेल तर लिफ्टने काहीही होणार नाही, कारण चाक आणि आर्म दोन्ही ॲक्सललाच जोडलेले आहेत, एकत्रच वर-खाली होतात. उपाय नकलवरच्या स्टॉप बोल्टखाली वॉशर घालण्याचा, एका वेळी एक मिमी. पाच दारांच्या गाडीची वळण्याची त्रिज्या आधीच ५.७ मीटर आहे, ती आणखी वाढते. घाटातल्या अरुंद वळणांवर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जाणवतं. टायर बंपरच्या मागच्या कडेला किंवा प्लास्टिकच्या आतल्या अस्तराला घासत असेल तर ते कापणं किंवा गरम करून दाबणं हाच इलाज. २१५/७५ मूळ रिमवर सहसा कुठेच घासत नाही. बहुतेकांसाठी तोच पुरेसा आहे, आणि १०५ पीएसच्या १.५ लिटर इंजिनाला तोच झेपतो. २३५/७५ ने गिअरिंग जवळपास ६ टक्के लांब होतं, ८० दाखवणारा काटा खऱ्या ८५ च्या जवळ असतो, आणि हजार किलोमीटर धावलेली गाडी ९४५ च नोंदवते. ‘मायलेज कोसळलं’ म्हणणाऱ्यांनी आधी ही दुरुस्ती करून हिशेब मांडावा.

राहिलेल्या तक्रारी

स्पीडब्रेकर उतरताना ‘टक्’ आवाज: लांब स्प्रिंगसोबत मूळ शॉकअप ठेवलेत, तो पूर्ण ताणला जाऊन आपटतोय. लांब शॉकअप घ्या. घेतल्यावर उलटी तपासणीही करा: स्प्रिंग काढून ॲक्सल जॅकने बंप स्टॉप (ॲक्सलला फ्रेमवर आपटू न देणारा रबरी गुटका) पूर्ण दबेपर्यंत वर न्या. शॉकअपच्या दांड्यात तेव्हा निदान १०-१५ मिमी शिल्लक हवेत. नसतील तर बंप स्टॉपखाली तेवढा गुटका घाला, नाहीतर खोल खड्ड्यात शॉकअप स्वतःच स्टॉप बनतो आणि वाकतो.

४० मिमीचं किट सांगून गाडी ६५ मिमी उचलली: स्प्रिंग लोखंडी बंपर, विंच, रूफ कॅरियरच्या वजनाची आहे आणि गाडी रिकामी आहे. उंची जमिनीपासून मोजू नका, टायरने आकडा फसतो. हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा.

४एच टाकल्यावर दिवा लुकलुकत राहतो: पुढच्या हबकडे जाणाऱ्या व्हॅक्युमच्या नळ्या ताणून निघाल्यात किंवा चिमटल्यात. त्यांच्याच शेजारी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर असते. चाकं पूर्ण लोंबकळत ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कोणताही होज ताठ होता कामा नये. ताठ होत असेल तर ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब होज लावा. यात ‘चालून जाईल’ नाही.

कायद्याची बाजू भारतात कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ(४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर उंची आणि टायर दोन्ही बघतो. मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि टायर भंगारात देऊ नका.

स्टेपनीचाही हिशेब याच खरेदीत धरा. जिम्नीची ४डब्ल्यूडी पार्ट-टाइम आहे, मधे डिफरन्शियल नाही. तीन चाकं ७०३ मिमीची आणि एक घासलेली ६९३ ची अशी गाडी ४एच मध्ये फार चालवली तर ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) ताणली जाते. टायर चार नाही, पाच घ्या. पाचवं चाक मागच्या दारावर टांगलेलं असतं, जाड ऑल-टेरेन मूळ टायरपेक्षा काही किलोंनी भारी. २३५ टांगल्यावर दार बंद करताना कुलूप वर उचलून लावावं लागत असेल तर बिजागऱ्या खाली बसल्या आहेत, त्यांचे बोल्ट सैल करून दार परत जुळवून घ्या आणि टायरचा खालचा काठ बंपरला टेकत नाही ना, ते दार हळू लावत बघा.